बाहेरून न उघडणारं घर

लॅपटॉपच्या पडद्यावरचं चक्र सकाळपासून फिरतच होतं. आईचे सगळे व्हिडिओ पुण्याला, घरच्या सर्व्हरवर. आणि मी परदेशातल्या या भाड्याच्या खोलीत. तिकडे नवा राउटर बसवल्यापासून बाहेरून काही उघडेना.

"बाबा, राउटर परत बंद करून चालू करा," मी फोनवर म्हणाले.

"केलं गं. दिवा हिरवा आहे."

दिवा हिरवा, तरी मी बाहेरच. गेलेल्या आईचा आवाज तिकडे कोंडलेला, की इकडे मीच?

"थांब," बाबा म्हणाले. घरातल्या घरात सगळं उघडत होतं; त्यांनी टीव्हीवर आईचा व्हिडिओ लावला आणि फोन त्याच्याजवळ धरला.

"चला, पानं वाढलीत!" आई हसत म्हणाली.

व्हिडिओ संपला. फोन ठेवायचं दोघांनाही जमेना.