भागरथाबाईंच्या आवाजावर दुसरा आवाज

मेश्राम बाबाजी माझ्या टेबलासमोर बसले होते आणि मी त्यांच्याशी खोटं बोललो. म्हणालो, "कॉम्प्युटर बिघडला होता, बाबाजी. तुमच्या घरच्यांचं रेकॉर्डिंग त्यात गेलं."

ते आंबागडहून निघून, तुमसरला एसटी बदलून भंडाऱ्याला आमच्या ऑफिसात आले होते. त्यांची बायको भागरथाबाई नुकतीच वारली होती. मूलबाळ नाही. घरात तिचा आधार कार्डावरचा फोटो होता, आवाज मात्र कुठेच नव्हता.

"बुढी तुमच्या रेडिओत बोलली होती ना जी," ते म्हणाले. "तेवढं द्या. मले आणखी काही नाई पायजे."

मी सरकारी रेडिओत कार्यक्रम तयार करतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास आमच्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या लोकांसाठी असतो, त्यांच्याच बोलीत. मी स्वतः लाखनीकडचा, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मागे एका ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगितलं होतं, की स्वित्झर्लंडमध्ये इटालियन बोलणारे लोक अगदी थोडे, तरी सगळ्या देशाच्या पैशातून त्यांच्यासाठी वेगळा रेडिओ आणि टीव्ही चालतो. बातम्या, नाटकं, खेळांचं समालोचन, सगळं त्यांच्या भाषेत. ते ऐकून मी भारावलो होतो. चहाच्या वेळी इतरांना म्हणालोही, "असं पाहिजे."

आणि परत येऊन मी काय केलं, ते सांगतो.

उन्हाळ्यात मोहफुलं वेचणाऱ्या बायांवर एक भाग करायला मी आंबागडला गेलो होतो. किल्ल्याच्या पायथ्याशी जंगलाला लागून मेश्रामांचं घर. भागरथाबाई माईकला अजिबात भ्याल्या नाहीत.

"मी टोपलीभर मोहा येचून घरी येत होती, तवा हा बुढा उठत होता," त्या म्हणाल्या. "वरून मलेच इचारे, चहा काहून नाई ठेवला?"

"खोटी बोलून राहिली," बाबाजी मागून ओरडले. "पुसून टाका जी ते!"

"नका पुसू. रेडिओवर येऊ द्या. साऱ्या जिल्ह्याले समजू द्या."

मी हसत होतो. रेकॉर्डिंगमध्ये माझं हसूही आलं होतं.

ऑफिसात हेडफोन लावून तेच ऐकलं आणि मला उगाच संकोच वाटला. ही बोली माझ्या आईची. नोकरीला लागल्यावर ती मी पद्धतशीर सोडली होती. आमच्या प्रमुख मॅडमना विचारलं, "भाषा जरा गावंढळ वाटते. व्हॉइस-ओव्हर करू का?"

"कार्यक्रमच त्या बोलीतला आहे ना? बघा, तुम्ही तिकडचे आहात. तुम्हीच ठरवा."

मी ठरवलं. व्हॉइस-ओव्हर म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज सुरुवातीला थोडा ऐकवायचा, मग तो खाली न्यायचा आणि वरून निवेदकाच्या आवाजात तेच वाचायचं. परक्या भाषेतल्या माणसासाठी ही पद्धत असते. मी ती मराठी बाईसाठी वापरली, मराठीच ऐकणाऱ्यांसाठी. आमच्या निवेदिकेने छान वाचलं, "मी पहाटे उठून मोहाची फुले गोळा करीत असे." बुढ्याचा चहा मी कापला. माझं हसूही कापलं.

पुढे सर्व्हर भरला. मूळ फाइल काढून टाकायची आणि प्रसारित झालेली ठेवायची, ही आमची पद्धत. चांगलं रेकॉर्डिंग असेल तर काढण्याआधी ते जपून ठेवायला पाठवता येतं. या रेकॉर्डिंगबद्दल मला तसं वाटलंच नाही. मीच डिलीट केलं.

बाबाजी ऑफिसात आले त्या दिवशी त्यांना बाहेर बसवून मी आमच्या इंजिनिअरकडे गेलो.

"खालचा आवाज वर काढता येईल का?"

"मिक्स झालंय, सर. कणीक मळल्यावर पाणी वेगळं काढता का तुम्ही? थोडं साफ करून बघतो, पण आशा ठेवू नका."

त्याने दुपारपर्यंत खटपट केली. निवेदिका पातळ झाली की भागरथाबाईही पातळ व्हायच्या. शेवटी प्रसारित झालेला भागच मी बाबाजींच्या बटणांच्या मोबाईलमधल्या मेमरी कार्डात भरून दिला. तेव्हाही खरं सांगता आलं असतं. उलट बाबाजींनीच माझी समजूत घातली.

"मशीनले काय म्हणावं जी! तुम्ही उन्हातान्हात आमच्याकडं आले, तेच लय झालं."

माझं कुटुंब मुलांच्या शिक्षणासाठी नागपूरला असतं. भंडाऱ्यात मी भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. संध्याकाळी रेडिओ लावायची माझी सवय आहे, तेवढाच घरात आवाज. त्या आठवड्यात लावावासा वाटला नाही. बायकोला फोनवर सांगायचं ठरवलं होतं, पण डब्याचं आणि गॅसचं बोलून फोन ठेवला. मॅडमना मात्र सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग?"

रविवारी आंबागडला गेलो. बाबाजी अंगणात बाजेवर बसले होते. मला बघून लगबगीने उठले आणि काळा चहा करून आणला. मग आपणहून मोबाईल काढला.

"हे पाहा जी." त्यांनी बटण दाबलं. भागरथाबाई बोलू लागल्या, "मी टोपलीभर मोहा येचून..." निवेदिकेचा आवाज सुरू होताच त्यांनी बंद केलं. पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा तिथेच बंद केलं.

"इथून ते शयरातली बाई येते," ते म्हणाले. "ते आली का मी बंद करतो. बुढी खालून बोलूनच राहते, पण मले समजत नाई. तुम्ही तवा होते ना जी? पुढं काय बोलली होती?"

मी चहाचं आठवेल तसं सांगितलं. त्यांचं ओरडणंही सांगितलं. ते हसले.

आमच्या कामातला धडा साधा आहे. माणूस आपल्या तोंडाने बोलत असेल, तर त्याच्यावर दुसरा आवाज टाकू नये. मला तो नोकरीच्या पहिल्या वर्षीच शिकवला होता.

मी कप खाली ठेवला. ऑफिसातली मराठी तोंडात येत होती. ती बाजूला सारली.

"बाबाजी, कॉम्प्युटर नव्हता बिघडला. भागरथाबाईच्या आवाजावर त्या बाईचा आवाज मीच टाकला. आपली बोली रेडिओवर मलेच हलकी वाटली. मूळ रेकॉर्डिंग बी मीच पुसलं, आन् तुमच्याशी खोटं बोललो. माफ करा जी मले."