समासातलं पोळपाट-लाटणं

रद्दीतून आणलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकात डेडलॉकच्या व्याख्येशेजारी कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय: 'एकीकडे पोळपाट, दुसरीकडे लाटणं. दोघी अडून बसल्या. पोळी कुणाचीच होत नाही.'

बारा वर्षं मी हा विषय शिकवतेय, पण मला असं कधी सुचलं नाही. वाचून नुसता जळफळाट झाला. लिहिणारी कुणी बाईच असणार; ती परीक्षेत नापास झालेली असू दे, असंही मनात येऊन गेलं.

आज वर्गात मी तेच सांगितलं. मागच्या बाकापर्यंत सगळे हसले, आणि सगळ्यांना समजलंही.

"मॅडम, तुम्हाला हे सुचतं कसं?" एका मुलीनं विचारलं.

"सुचतं," मी म्हणाले.

घरी येऊन ती ओळ पुसायला खोडरबर उचललं. मग ठेवून दिलं. उद्या मेमरीचा धडा आहे, आणि त्या पानावरही तिनं काहीतरी लिहिलंय.