चित्रांखालच्या ओळी

भांडुपच्या आमच्या शाळेतले मराठी माध्यमाचे वर्ग एकेक करून बंद होत गेले. शेवटी चित्रकलेची खोलीही इंग्रजी माध्यमाकडे गेली आणि तिथलं जुनं कपाट रिकामं करायची वेळ आली. कपाटात मुलांच्या चित्रांचे गठ्ठे होते. आमच्या चित्रकलेच्या सरांनी वर्षानुवर्षं जपून ठेवलेले. सर आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते. काचबिंदूने त्यांची नजर अधू होत चालली होती.

"रद्दीत देऊ ना, बाई?" शिपायाने विचारलं.

मी मराठी शिकवायचे, चित्रातलं मला फारसं कळत नाही. तरी रिक्षा केली आणि गठ्ठे मुलुंडला घरी आणले. सर माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात. संध्याकाळी त्यांना फोन केला.

"ठेवणार कुठे तुम्ही?" ते म्हणाले. "दोन खोल्यांचं घर तुमचं."

"फोटो काढून इंटरनेटवर ठेवते, सर. एक साइटच करते. मुलांनाही बघता येतील."

ते म्हणाले, "मलाही बघता येतील?"

व्हिडिओ बघून बघून मी साइट बनवायला शिकले. गॅलरीतल्या उजेडात चित्र जमिनीवर पसरायचं, कोपऱ्यांवर वाट्या ठेवायच्या आणि वर उभं राहून फोटो काढायचा. काही कागदांना दमट हवेने पिवळे डाग पडले होते, तेही फोटोत आले. थोडी चित्रं चढवली की लॅपटॉप घेऊन मी सरांकडे जायचे. दार वहिनी उघडायच्या. त्या मालवणकडच्या. "येवा, सकाळपासून तुमचीच वाट बघतत," असं म्हणून चहा ठेवायला आत जायच्या.

सर स्क्रीनला नाक लावून बसायचे. एकेक कोपरा मी मोठा करून दाखवायचे. एखादा कान नाहीतर झाडाचा बुंधा दिसला की त्यांना ते काढणारं मूल आठवायचं. "ही पोरगी माणसाचा आधी कान काढायची. मग त्या कानाला साजेसा माणूस शोधायची." असं सांगताना ते इतके खुलायचे की मला घरी परतायला उशीर व्हायचा.

हे काही महिनेच चाललं. एका दुपारी मी मिठागरांचं चित्र उघडलं. पांढरे ढीग, मागे खाडी. सर नेहमीसारखे स्क्रीनवर वाकले.

"अजून उघडलं नाही वाटतं," ते म्हणाले.

"उघडलंय, सर."

त्यांनी हात पुढे करून काचेवर बोटं टेकवली, चष्मा काढला, पुसला, परत घातला. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या होत्या. चहा तसाच निवून गेला.

पुढच्या वेळी त्यांनीच तोड काढली. "बाई, प्रत्येक चित्राखाली चार ओळी लिहा. काय काढलंय ते. फोन वाचून दाखवतो म्हणे हल्ली." मग मी लिहायला लागले. साइटचं खरं काम तेच झालं. चित्रासमोर बसायचं आणि त्यात काय आहे ते शब्दांत मांडायचं. मला वाटलं, हे आपल्याला जमेल. लिहिलेलं आधी मीच वाचून दाखवायचे, सर ऐकायचे आणि दुरुस्त्या सांगायचे. "नुसतं निळं आकाश नका लिहू. कुठला निळा?" मी फोटो निरखून म्हणायचे, "शाळेच्या शर्टसारखा." "नवीन की धुवून विटलेला?" अशाने एका चित्राला अख्खी दुपार लागायची.

मग एकदा, मी वाचत असतानाच, त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आता राहू द्या, बाई."

"चुकलं का काही?"

"नाही. चांगलं लिहिता तुम्ही, त्याचीच अडचण होतेय. ही सगळी चित्रं माझ्या डोक्यात होती. तुम्ही वाचलंत की तुमच्या ओळी राहतात आणि चित्र पुसलं जातं. मिठागरांचं आता मला आठवतच नाही. फक्त तुमचे शब्द आठवतात."

मी लॅपटॉप मिटून पिशवीत ठेवला. जिन्यातून उतरताना रडू आलं. कुणी वर येत होतं म्हणून पदराने तोंड पुसलं आणि बाजूला झाले.

साइट मी बंद केली नाही. ओळीही लिहीत राहिले, पण सरांना त्या पुन्हा ऐकवल्या नाहीत. कधी एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचा निरोप यायचा. एकीने लिहिलं, सांताक्रूझला विमानतळावर नोकरी करते, स्वतःचं चित्र मुलाला दाखवलं तर त्याला पटेना की हे आईने काढलंय. असे निरोप मात्र सर मन लावून ऐकायचे. "लग्न झालं म्हणजे तिचं," एवढंच म्हणायचे. चित्र कुठलं, ते विचारायचे नाहीत.

शेवटचा गठ्ठा संपला तेव्हा मी सांगायला गेले.

"झालं, सर. सगळी चढवली."

"बरं झालं," ते म्हणाले.

वहिनींनी घावणे केले होते. सर ताटलीत बोटं फिरवत चटणी शोधत होते. मी वाटी त्यांच्या हाताशी सरकवली. मग शाळेतल्या जुन्या मुख्याध्यापिकांचा विषय निघाला, त्या किती कडक होत्या ते, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही त्यांच्याबद्दलच बोलत बसलो.