बाळकाकांचं रीळ

बाळकाका सामंत गेल्याचं मला वन-नॉर्थ भागातल्या माझ्या ऑफिसात, मीटिंग चालू असताना कळलं. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दोन ओळींचा निरोप आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. ज्यांनी वर्षभरात त्यांना साधा फोन केला नव्हता, तेही हात जोडून मोकळे. शिसारी आली मला. मग मीही हात जोडले आणि पुढची स्लाइड लावली... आता दीड महिना झाला, पण ती शिसारी काही जात नाही.

काका मूळचे वेंगुर्ल्याचे, इथे परदेशात बँकेत नोकरी करून निवृत्त झालेले. पासिर रिसला फ्लॅट घेतला तो समुद्र जवळ म्हणून. मी पुण्याचा, मासा म्हणजे ताटात येतो तो, एवढंच ज्ञान. ओळख झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला, "शनिवारी गरवायला येतोस?" मला ऐकू आलं गरब्याला. म्हटलं, "काका, मला नाचता येत नाही हो." पलीकडे ते इतके हसले की काकूंनी धावत येऊन फोन घेतला. गळ टाकून मासे धरण्याला कोकणात गरवणं म्हणतात आणि गळाला गरी, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे कितीतरी वर्षं ते माझी चारचौघांत 'आमचे गरबावाले' म्हणून ओळख करून द्यायचे, आणि मी दर शनिवारी त्यांच्या शेजारी थर्मास धरून बसायचो.

त्यांचं सगळं सामान एकाच दुकानातून यायचं. एका जुन्या ब्लॉकच्या तळमजल्यावर अंकल लिम यांचं दुकान, दोन माणसं शिरली तर तिसऱ्याने बाहेर थांबायचं. अंकल आधी विचारायचे, कुठे बसणार, भरती केव्हा, काल काय लागलं... आणि मगच खण उघडायचे. काका तिथेही 'गरी'च म्हणायचे, हुक कधी म्हणाले नाहीत. शेवटी अंकलनी गळांच्या खणावर रोमन अक्षरांत 'गरी' अशी चिठ्ठीच चिकटवली. चिनी म्हातारा आपल्या चिनी गिऱ्हाइकांना "व्हॉट साइझ गरी?" म्हणून विचारायचा आणि काका कोपऱ्यात उभे राहून फुलायचे.

शेवटच्या आजारात काकांना हॉस्पिटलातून घरी आणल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं, जमेल तेवढं हिंडू द्या. काकांनी मला जवळ बोलावून गळाच्या काठीचं रीळ हातात दिलं. दोरा गुंडाळताना वरची कमान खटकन मिटायला हवी, ती मिटत नव्हती. "आतली स्प्रिंग गेली रे. अंकलकडे नेऊन दे. दुसरीकडे नको हां. झालं की एकदा जाऊन बसू... एकदाच." एवढंच मागितलं त्या माणसाने.

मी सेंगकांगला राहतो. अंकलचं दुकान म्हणजे दोन बस बदला. आणि ऑफिसातून येताना वाटेतल्या मॉलमध्ये ते भलंमोठं दुकान, एसी, चकचकीत. तंबू, योगाच्या चटया, बॅडमिंटन आणि त्याच रांगेत गळ, दहा-दहाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत कोंबलेले. सगळीकडे नव्या रबराचा वास. तिथल्या बाईंनी रीळ हातातसुद्धा घेतलं नाही. "स्पेअर पार्ट डोन्ट हॅव लाह. बाय न्यू वन, इझियर." समुद्र की तलाव, कोण मासे धरणार, काही विचारलं नाही. मीही सुटलो एकदाचा म्हणून नवीन, निळं रीळ उचललं.

काकांनी ते बघितलं. "आणि माझं?"

"अंकलचं दुकान बंद झालं, काका."

बोलून गेलो. कंटाळ्यापायी. "बंद केलं?... मला सांगितलं नाही त्याने." मग चष्मा पुसून म्हणाले, "बघू रे, पुढच्या आठवड्यात जाऊ." पुढचा आठवडा आला आणि गेला, त्यांनी गरवण्याचं नाव काढलं नाही. निळ्या रिळाचं लेबलही काढलं नाही. आणि मी मूर्ख, मला वाटलं त्यांना बरं वाटत नसेल!

तेराव्यानंतर जुनं रीळ माझ्याच बॅगेत सापडलं. तेव्हा मात्र निमूटपणे दोन बस बदलल्या. दुकान उघडं होतं, चिठ्ठी खणावर होती. अंकलनी चष्मा कपाळावर सरकवला, कुठल्याशा डबीतून स्प्रिंग काढली, पाच मिनिटांत कमान खटकन मिटली. मग रीळ ओळखून म्हणाले, "बाल लाँग टाइम नेव्हर कम. अँग्री विथ मी, इज इट?"

काका गेले, एवढं सांगितलं. रागावले नव्हते, हेही सांगितलं. बाकीचं तोंडातून निघालं नाही.

ते रीळ आता माझ्या टेबलावर आहे. येता-जाता कमान उघडतो, खटकन मिटते. प्रत्येक वेळी मिटते, आणि प्रत्येक वेळी माझी मलाच किळस येते. अंकलना मराठी वाचता येत नाही. पण काकू, तुम्ही ही पुरवणी दर रविवारी पहिल्या पानापासून वाचता, मला ठाऊक आहे. त्यांच्या फोटोसमोर बसून एवढं सांगा त्यांना, माझ्याच्याने होत नाही...

दुकान बंद झालं नव्हतं. अंकल त्यांची वाट बघत होते.