कुरड्यांची टोपली घेऊन अमरावती ते अकोला

अकोल्याला जायला एसटी बरी की रेल्वे, असं नात मला विचारते. लिहून तीच घेते आहे. मला अक्षर येत नाही, गाड्या मात्र कळतात. साठ सालानंतर एकदा मी या एका प्रवासात इतक्या गाड्या बदलल्या, की आमच्या ह्यांनी पुढं वर्षभर मला फिरायला नेण्याचं नाव काढलं नाही.

धाकट्या बहिणीचं, सुशीचं, लग्न अकोल्याला मुलाच्या घरी होतं. आमची माय ती लहान असतानाच गेलेली. साखरपुड्याला मुलाची आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "बिनमायची पोर, तेही शहरातली. रुखवत बजारातूनच आनसान नं?"

सुशीनं घर येईपर्यंत मान वर केली नाही. मग चैत्रभर आम्ही दोघी गच्चीवर. गव्हाचा चीक मी शिजवायचा, कुरड्या तिनं घालायच्या. ताटाएवढ्या, पांढऱ्या, जाळीदार. नुसतं पाहिलं तरी मोडतील अशा. नवरी दुसऱ्या दिवशी वऱ्हाडासोबत येणार होती. टोपली अख्खी पोचवायचं काम माझं.

सकाळी टांगा केला. घोडा दुडक्या चालीनं निघाला आणि टोपलीतून कुरकुर ऐकू आली. म्हटलं, "बाबू, हळू ने."

"बाई, घोडा हाये हा, पाळना नाही!"

दुसऱ्याच वळणावर मी उतरले. भाडं पूर्ण दिलं, त्याच्या तोंडी मात्र लागले नाही. पुढं सायकलरिक्षा. तिच्यात एकतर हे बसणार, नाहीतर टोपली. हे चालत आले. लग्नाला जाणारा जावई घामाघूम होऊन रिक्षामागं चालताना सगळ्या रस्त्यानं पाहिला.

एसटी स्टँडवर कंडक्टर म्हणाला, "टोपली टपावर."

"टपावर तू बसतं काय?"

"मी कावून बसू?"

"मंग माही टोपली कावून बसन?"

हे हळूच म्हणाले, "अवं, एसटी थेट जाते." मी म्हटलं, "जाऊ द्या तिले."

रेल्वेत दोनदा चढावं लागतं, एकदा अमरावतीला आणि एकदा बडनेऱ्याला. पण रेल्वे धक्के देत नाही, डोलवते. बडनेऱ्याहून पुढं मी जुन्या लुगड्याची झोळी करून टोपली वरच्या फळीला टांगली. मूर्तिजापूरला एक बाई चढली, झोळीकडं पाहून आवाज खाली आणत म्हणाली, "लेकरू झोपलं काय?"

मी मान डोलावली. खोटं कुठं होतं? अकोल्यापर्यंत अख्खा डबा कुजबुजत बोलला. विडीवालासुद्धा दाराशी जाऊन उभा राहिला.

अकोला स्टेशनावर मुलाकडच्यांनी मोटार पाठवली होती, खास मानाची. ड्रायव्हरनं टोपलीला हात घातला आणि मोटारीचं मागचं झाकण उघडलं. मी यांना म्हटलं, "तुमी जा मोटारीत, सकाळचं चालनं फिटन." टोपली डोक्यावर घेतली आणि पायी निघाले. वैशाखाचं ऊन होतं. वाटेत बाया विचारत होत्या, "काय वो, कोनाच्या घरचं रुखवत?" मी सांगत होते. दोन-चार जणी सोबतच आल्या.

आत्याबाई दारातच होत्या. त्यांनी टोपली स्वतः उघडली आणि वरच्या सोडून थेट तळाची कुरडी काढली. उन्हाकडं धरली. अख्खी.

"बजारची नाही वाटत."

"सुशीच्या हातची हाये. बिनमायच्या पोरीची."

आत्याबाईंनी कुरडी पदरानं झाकली आणि म्हणाल्या, "मांडवात मधात मांडा. कोनी हात लावू नका, मी मांडतो." दुसऱ्या दिवशी सुशीला हाताला धरून त्यांनीच रुखवतापाशी नेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "हे आमच्या सुनेच्या हातचं." सुशी मान वर करून उभी होती.

येताना आम्ही एसटीनं आलो, थेट. मागचं बाक, खड्डे, धूळ. मला कशाचंच काही वाटलं नाही. मोडण्यासारखं जवळ काही उरलंच नव्हतं. घरी आल्यावर मात्र हात उगाच हवेत काहीतरी सावरत राहिले. चार दिवस गच्चीवर गेले नाही.

तर पोरी, एसटी की रेल्वे, ते मी सांगते. तुझ्या मांडीवर काय आहे, ते आधी सांग.