हरणाची उजळ पाठ
चिंचेच्या कोळाचा वास आला की सावेडीतली ती सकाळ आठवते. मी नवी सून होते. सासऱ्यांच्या टेबलावर फ्रान्समध्ये घडवलेलं, ब्राँझचं जुनं हरीण असायचं. अंग काळपट तपकिरी, फक्त पाठ उजळ. सासरे फिरायला गेलेले असताना मी ते हरीण चिंचेच्या कोळानं घासून सगळं लखलखीत केलं. आल्यावर त्यांनी त्याच्या पाठीवर बोट टेकवलं. मग म्हणाले, "छान केलंस, पोरी." संध्याकाळी नवरा हळूच म्हणाला, "अगं, आई होती तेव्हा जाता-येता त्याच्या पाठीवरून हात फिरवायची. तिच्या हातानंच तेवढं उजळलं होतं." मी सासऱ्यांना चहा नेऊन दिला, पण माफी मागायला तोंड उघडेना. आता तेही नाहीत.