दुसऱ्या टप्प्याचं इंजिन

मी आज जो कोणी आहे तो आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंमुळे. हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय की सिंगापूरच्या ऑफिसातही ते सुरू झालं की लोक कॉफी आणायला उठायचे. पण खरं आहे त्याला काय करणार? आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. बाई एका संध्याकाळी घरी आल्या आणि आईने पुढे केलेला कप हातात न घेता म्हणाल्या, "चहा नंतर. आधी याच्या कॉलेजचं काय ते सांगा." वडील फार बोलणारे नव्हते. चहावर साय धरायला लागली तेव्हा ते हो म्हणाले.

पुण्यात इंजिनिअरिंगला गेल्यावर परदेशी भाषा शीक, हेही त्यांचंच. "जर्मनला रांग, जपानीला रांग. रांगेत तू कधी पुढे गेलायस का? रशियनला जा, तिथे गर्दी नसते." गर्दी खरंच नव्हती. दोघं आजारी पडले की तास रद्द व्हायचा. मी एकदाही आजारी पडलो नाही.

त्या रशियन भाषेने मला २०१७ मध्ये सिंगापूरला, वन-नॉर्थ नावाच्या ऑफिसांच्या वस्तीत आणलं. लष्करी विमानांच्या बातम्या देणारं एक छोटं पत्रक आमच्या ऑफिसातून निघायचं. रशियन वर्तमानपत्रं आणि कारखान्यांची पत्रकं वाचायची, नवी विमानं आणि त्यांच्यावरून सोडायची क्षेपणास्त्रं यांचं काय चाललंय ते इंग्रजीत लिहायचं, हे माझं काम. सकाळी सेम्बावांगहून निघायचं, बिशानला गाडी बदलायची, दिवसभर दुसऱ्यांच्या बाँबर विमानांची काळजी करायची आणि संध्याकाळी हॉकर सेंटरला, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, थोसाई म्हणून मिळणारा डोसा खाऊन झोपायला घरी. बाईंना मी हे सगळं फोनवर नीट समजावलं होतं. त्यांनी त्यातलं 'क्षेपणास्त्र' तेवढं ऐकलं.

बाई जानेवारीअखेर निवृत्त होणार होत्या. निरोप समारंभाला शाळेला आमदार हवे होते, बाईंना मी हवा होतो. "मी हेडसरांना म्हटलं, आमदार काही माझ्या वर्गात नव्हते," त्या म्हणाल्या. "तू येतोयस ना?"

"येतो बाई."

अडचण एवढीच की मी प्रोबेशनवर होतो, आणि कायम होईपर्यंत सलग रजा नाही, असा ऑफिसचा नियम होता. प्रोबेशन डिसेंबरअखेर संपणार होतं. आमची संपादिका सिंगापूरचीच, चिनी, पूर्वी हवाई दलात विमानं दुरुस्त करणारी. तिने स्वच्छ सांगितलं, "तू स्वतः शोधलेली एक चांगली बातमी आण. मी सही करते." म्हणजे बातमी मिळाली की नोकरी, नोकरी मिळाली की रजा, रजा मिळाली की बाईंची शाळा.

डिसेंबरात मला बातमी मिळाली. एका कारखान्याच्या पत्रकात 'इज्देलिए ३०' असं होतं. रशियन कारखान्यांत गुप्त गोष्टीचं नाव घेत नाहीत. विमान असो, इंजिन असो, क्षेपणास्त्र असो, सगळ्यांना इज्देलिए म्हणतात, म्हणजे 'वस्तू', आणि पुढे आकडा लावतात. आमच्याकडे आई वडिलांना 'हे' म्हणायची, काकू काकांना 'हे' म्हणायची, त्यातलाच हा प्रकार. पण घरात कुठले 'हे' कोण, हे पोरासोरांनाही कळायचं. वस्तू ३० कोण, हे मला कळलं नाही.

पत्रकात लिहिलं होतं की वस्तू ३०ने नव्या लढाऊ विमानासह पहिलं उड्डाण केलं, आणि ते 'दुसऱ्या एतापचं इंजिन' आहे. एताप म्हणजे टप्पा. आणि टप्पा म्हटल्यावर मराठी माध्यमातल्या मुलाला जे दिसतं तेच मला दिसलं: विज्ञानाच्या पुस्तकातला अग्निबाण, खाली पहिला टप्पा, वर दुसरा. म्हणजे हे दोन टप्प्यांचं क्षेपणास्त्र. ते बसवलं होतं विमानाच्या मागच्या बाजूला. मागे सुटणाऱ्या क्षेपणास्त्राची रशियनांनी एके काळी चाचपणी केली होती, असं मी कुठेतरी वाचलं होतं. झालं. मी मोठ्या बातमीचा मथळा टाईप केला आणि संपादिकेपुढे जाऊन बसलो.

तिने दोनदा वाचलं. "म्हणजे हे मागे सुटतं."

"हो."

"सुटलं का?"

"नाही. विमानाबरोबर गेलं आणि सुखरूप परत आलं."

"आणि सगळा वेळ जळत होतं?"

"हो. चाचणी यशस्वी झाली."

"अशी दोन बसवलीत?"

"सध्या एकच. दुसऱ्या बाजूला जुनंच आहे."

तिने चष्मा काढला. "आणि ही दोन्ही काढून ठेवली, तर विमान उडेल का?"

मी पत्रक पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.

"हे इंजिन आहे, लाह," ती म्हणाली; सिंगापुरात 'लाह' म्हणजे आपलं 'अरे बाबा'. "विमानाचं इंजिन."

आधी जुन्या इंजिनावर विमान उडवायचं, हा कामाचा पहिला टप्पा. मग नवं इंजिन बसवायचं, हा दुसरा. अग्निबाणाच्या टप्प्याला रशियनमध्ये वेगळाच शब्द आहे, स्तुपेन, म्हणजे पायरी. हा शब्द आम्हाला परीक्षेला आला होता. तिथे मी बरोबर लिहिला होता.

बातमी तिने स्वतः पुन्हा लिहिली. माझं प्रोबेशन मार्चअखेरपर्यंत वाढलं. रजेचं मी तरीही विचारून पाहिलं.

"तुझ्या त्या बाई?" ती म्हणाली.

"त्याच."

"तुला सोडलं तर बाकीच्यांना काय सांगू? आणि फेब्रुवारीत चांगी विमानतळाजवळ विमानांचं प्रदर्शन आहे." मग म्हणाली, "तुला वाईट वाटतंय, ते मला दिसतंय."

शेजारच्या टेबलावरचा सहकारी पुढे महिनाभर कॉफीला निघताना मला विचारायचा, पुढून सुटू की मागून?

बाईंना व्हॉट्सॲपवर कळवायची माझी हिंमत झाली नाही. दोन निळ्या खुणा उमटल्या असत्या आणि मग काहीच आलं नसतं, तर मी काय करणार होतो? मी पत्र लिहिलं आणि सेम्बावांगच्या पोस्टात टाकलं. ते असं होतं:

बाई, नमस्कार.

मी समारंभाला येऊ शकत नाही. रजा मिळाली नाही, कारण मी कायम झालो नाही, आणि कायम झालो नाही कारण विमानाच्या इंजिनाला मी क्षेपणास्त्र समजलो. हसू आलं तर हसा, इथे सगळ्यांचं हसून झालंय.

माझ्या जागी आमदारांना बोलवा. ते उशिरा येतात, पण येतात तरी. फळ्यावर माझ्या नावाआधी कुणी शास्त्रज्ञ लिहिलं असेल तर पुसायला सांगा. मी क्षेपणास्त्रं बनवत नाही. दुसऱ्यांनी बनवलेल्यांबद्दल तिसऱ्यांनी लिहिलेलं वाचतो, आणि परवा तेही चुकलं.

पण बाई, मला रशियन वाचता येतं. या ऑफिसात दुसऱ्या कुणाला येत नाही. चूक संपादिकेने पकडली ती तिला विमानं कळतात म्हणून. मूळ कागदावर काय लिहिलंय, हे तिलाही मलाच विचारावं लागलं. मुलांना माझ्याबद्दल काही सांगायचंच असेल, तर एवढं सांगा.

तुम्ही मंचावर बसाल तेव्हा मी इथे टेबलाशी असेन. त्या दिवशी काही चुकू देणार नाही.

मार्चअखेर काय ते ठरेल. मे महिन्यात मी येतोच. कायम झालो तर रजेवर, नाही झालो तर कायमचा. शाळा तेव्हा बंद असेल, पण तुम्ही घरी असालच.